आजी साडीतच जाईल!

दोस्तांनो, या आठवड्यात मी एकाच पत्राला उत्तर देणार आहे. बाकीच्यांनी रुसायचं नाही! पत्र आलंय अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून, सातवीतल्या एका मुलीचं. तिची शाळा केंद्रीय बोर्डाची. मार्चच्या मध्याला परीक्षा संपते आणि एप्रिलमध्ये नवा वर्ग सुरू होतो. (राज्य बोर्डाची मंडळी तेव्हा पुस्तकात डोकं खुपसून बसलेली असतील. त्यांनी कृपया दातओठ खाऊ नयेत.) या मधल्या सुट्टीत ती आई-बाबा, धाकटा भाऊ आणि आजी यांच्याबरोबर युरोपला निघाली आहे. चार दिवस पॅरिस, मग अ‍ॅमस्टरडॅमला आत्याकडे. आत्याला बाळ झालंय, त्याला बघायला.

पण घोडं अडलंय ते आजीपाशी. आत्याने फोनवर सांगितलं, तिकडे थंडी असते, साडी चालणार नाही, पँट आणि जाडजूड जाकीट घालावं लागेल. आजीने उभ्या जन्मात साडीशिवाय काही नेसलेलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही जा सगळे. मी घर सांभाळते." इकडे बाबा दुकानात जाकिटांच्या किमती विचारून आल्यापासून गप्प आहेत. पाच जणांची पाच जाकिटं, तीही दहा-बारा दिवसांसाठी! मुलगी विचारते, "मार्चमध्ये तिकडे वसंत ऋतू असतो ना? मग एवढी थंडी कशी? आणि आजी साडी नेसून आली तर खरंच आजारी पडेल का?"

आधी वसंताचं बघू. आपला वसंत म्हणजे आंब्याचा मोहोर, कोकिळा आणि दुपारी घामाच्या धारा. मुंबईत मार्चमध्ये दुपारी पारा ३२-३३ अंश सेल्सिअसपर्यंत सहज जातो. २८ मार्च १९५६ रोजी तर सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली होती! त्याच महिन्यात पॅरिसला दुपारी साधारण १२ अंश आणि पहाटे ४-५ अंश असतात. अ‍ॅमस्टरडॅम त्याहून गार, दुपारी १० च्या आसपास आणि पहाटे २-३. मुंबईतल्या आपल्या कडाक्याच्या थंडीचा विक्रम ठाऊक आहे? २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझ, ७.४ अंश. म्हणजे आपल्या विक्रमी पहाटेपेक्षा अ‍ॅमस्टरडॅमची वसंतातली रोजची पहाट गार!

आता गंमत बघा. २०-२१ मार्चला दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात, ते अँटॉप हिललाही आणि अ‍ॅमस्टरडॅमलाही. सूर्य दोन्हीकडे सुमारे बारा तास. मग ऊन गेलं कुठे? त्या दिवशी भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून ७१ अंश वर असतो, जवळजवळ डोक्यावरच. अ‍ॅमस्टरडॅमला तो जेमतेम ३८ अंश चढतो. टॉर्च सरळ जमिनीवर धरा आणि मग तिरपा करा. तोच उजेड जास्त जागेवर पसरतो आणि फिका पडतो. तसंच हे. जमिनीच्या तेवढ्याच तुकड्याला तिथे आपल्या दोन-तृतीयांशाहूनही कमी ऊन मिळतं.

शिवाय समुद्र. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. हिवाळाभर निवत आलेला उत्तर समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत गार असतो. त्याच्यावरून वारा आला की वर झकास निळं आभाळ आणि खाली दातखीळ! आपल्याकडे मार्चमध्ये याच समुद्राच्या वाऱ्याची वाट बघावी लागते. तो यायला उशीर झाला की मुंबई तापते. एकीकडे वारा नाही म्हणून हाल, दुसरीकडे वारा आहे म्हणून हाल.

आणि ही हवा लहरीही फार. ३१ मार्च २०२१ ला नेदरलँड्समध्ये पारा २६ अंशांवर गेला, लोक अर्ध्या बाहीचे सदरे घालून बागेत लोळले. आठवड्याच्या आत बर्फ पडला! डच लोक म्हणतात की मार्च आपली शेपूट हलवतो. फ्रेंचांची म्हण तर थेट कपड्यांबद्दलच आहे. एप्रिलमध्ये अंगावरचा एक धागाही काढू नका, मे महिन्यात काय हवं ते करा. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज बघा जरूर, पण बॅग त्याच्या भरवशावर भरू नका.

आता जाकिटाचं. आई-बाबा, हा भाग तुम्हीही वाचा.

थंडीला अडवतं काय? कापड? नाही, हवा! स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. कपड्याचं काम एवढंच, की अंगाने तापवलेली हवा धरून ठेवायची. याचा उत्तम नमुना तुमच्या घरात आहे. आजीची गोधडी! जुन्या साड्यांचे आणि धोतरांचे पदर एकावर एक घालून शिवलेली. त्यातला एकेक पदर किती पातळ असतो, पण पदरांच्या मध्ये हवा अडकते आणि ऊब राहते. युरोपात फिरणाऱ्यांना सगळे सांगतात ना, एकच जाड कोट नको, थरावर थर घाला, ते म्हणजे गोधडीच अंगावर घालणं. आणि थर हवेतच, कारण तिकडे घरं, आगगाड्या, संग्रहालयं सगळी आतून तापवलेली असतात. बाहेर ६ अंश, आत २० अंश. एकच भला मोठा कोट घातला असेल तर आत घामाघूम, आणि ओलं अंग घेऊन बाहेर आलात की कुडकुडणं. थर असले तर एक काढायचा, एक ठेवायचा. मोठ्या संग्रहालयांत कोट ठेवायला सोय असते.

सगळ्यात बाहेरचा थर मात्र वारा अडवणारा हवा. गोधडीतली हवा वाऱ्याने पळवून नेली तर काय उपयोग? ५ अंश तापमान असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या चेहऱ्याला ते शून्य अंशासारखं लागतं. आणि दोस्तांनो, वाऱ्यापावसाचा थर मुंबईकराला विकत घ्यावा लागतच नाही! जुलैमध्ये घालता ती विंडचीटर माळ्यावरून काढा, झटका आणि आत दोन स्वेटर मावतात का ते बघा. मावत नसतील तर धाकट्याला दादाची, दादाला बाबांची. छत्रीवर फार विसंबू नका. अ‍ॅमस्टरडॅमच्या वाऱ्यात ती उलटी होऊन कमळ बनते.

आतल्या थरांत सुती बनियन आणि शर्टावर शर्ट चालेल का? फारसं नाही. सूत पाणी पितं आणि ओलं झालं की ऊब सोडतं. लोकर तशी नाही. लोकरीचे केस कुरळे असतात, त्यांच्या वळणांत हवा अडकते आणि थोडी भिजली तरी लोकर बरीच ऊब धरते. आपल्या धनगरांना हे केव्हापासून ठाऊक आहे. घोंगडीची खोळ करून ते पावसात आणि थंडीत मेंढ्यांमागे रानोमाळ हिंडत आले आहेत. तेव्हा प्रत्येकी एक खरा लोकरी स्वेटर आणि अंगालगत बसणारा उबदार आतला कपड्यांचा जोड, म्हणजे थर्मल, एवढंच नवं घ्या. हिवाळ्यात परळला तिबेटी लोक स्वेटर विकायला येत आले आहेत, तिथे बाबांनी एक चक्कर मारावी. कानटोपी, हातमोजे आणि मफलर यांचं वजन नाही आणि किंमतही फार नाही, पण काम मोठं.

खरं वाटत नसेल तर करून पाहा. चार सारखे स्टीलचे पेले घ्या. एक उघडा ठेवा. दुसऱ्याला सुती ओढणीच्या तुकड्याचे तीन-चार वेढे द्या. तिसऱ्याला तेवढेच वेढे, पण तुकडा भिजवून पिळलेला. चौथ्याला कोरडे वेढे आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी. चारही पेल्यांत सारखंच गरम पाणी घाला (मोठ्यांना ओतायला सांगा, हात भाजून घेऊ नका) आणि वर बशा झाका. पंखा जोरात लावा. वीस मिनिटांनी पाण्यात बोट घालून बघा, थर्मामीटर असेल तर उत्तमच. सर्वांत गार कुठला आणि सर्वांत गरम कुठला, ते आधी वहीत लिहून ठेवा आणि मग बघा. ओल्या पेल्याने तुम्हाला चकवलं नाही तर मला कळवा!

आता आजीकडे वळू. दोस्तांनो, आजीचा प्रश्न नवा नाही. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी तो एका मराठी मुलीला पडला होता. आनंदीबाई जोशी. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये अमेरिकेला पोचल्या. वय अठरा. सोबतीला घरचं कोणी नाही. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायचं होतं. आपला पोशाख सोडायचा नाही, असं त्यांनी निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. पण फिलाडेल्फियाचा हिवाळा म्हणजे बर्फाचा, आणि नऊवारी साडीत पायांच्या पोटऱ्या उघड्या पडतात. मग त्यांनी काय केलं? साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली! गुजराती पद्धतीने, पाय झाकणारी गोल साडी नेसू लागल्या. १८८५ सालचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानची एक, सीरियाची एक आणि आनंदीबाई, अशा तिघी विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या.

कोणी म्हणेल, पण त्या तर आजारी पडल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या! खरं आहे, फार वाईट झालं. पण त्यांना क्षय झाला होता, आणि क्षय होतो जंतूंमुळे. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी ते जंतू शोधल्याचं २४ मार्च १८८२ ला जाहीर केलं होतं. साडीमुळे क्षय होत नाही आणि पँटीमुळे टळत नाही. सर्दी-फ्लूसुद्धा विषाणूंमुळे होतात. मात्र एक गोष्ट आत्याची बरोबर आहे, ती खोडून काढू नकोस. वय झालं की शरीराला ऊब धरून ठेवणं जड जातं, आणि गारठा लागल्याचं उशिरा कळतं. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आजीने निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. "मला नाही बाई वाजत थंडी" असं आजी म्हणाली तरी तिच्या हाताची बोटं गार आहेत का, हे नातीने मधूनमधून बघायचं.

तर आजीची तयारी अशी. परकराच्या आत पायघोळ थर्मल, ती कोणाला दिसत नाही. पुरुषांच्या मापाचीही चालते, लाजायचं कारण नाही. ब्लाऊजच्या आत पूर्ण बाहीचं थर्मल, वरून पुढे बटणं असलेला लोकरी स्वेटर, म्हणजे डोक्यातून काढघाल नको. पदर खांद्यावरून घेऊन स्वेटरच्या आत खोचायचा आणि सगळ्यावर गुडघ्याखाली येणारा लांब कोट. हा कोट मात्र विकत घ्यावा लागेल किंवा आत्याकडून मागून घ्यावा. पाच जाकिटांच्या जागी एक कोट, बाबांना सांग! साडी जाडसर नेसावी आणि चार बोटं वर नेसावी. ओल्या फरशीवरून निऱ्या घासत गेल्या की काठ पाणी ओढून घेतो आणि ओलं कापड पायाला चिकटतं. सरकत्या जिन्यावर तर निऱ्या हातात धरून उभं राहायचं, भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर असे जिने पुष्कळ असतात. काठ अडकला तर फार वाईट.

माझ्या मते खरी अडचण साडीची नाहीच, ती आहे चपलेची. आजी पायात काय घालणार? उघडी चप्पल तिथे मुळीच चालायची नाही. लोकरी मोजे आणि त्यावर रबरी तळाचे, न घसरणारे बंद बूट. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या रस्त्यांवर दगड बसवलेले असतात, ते ओले झाले की निसरडे होतात. बूट आजच घ्या, मोजे घालूनच मापाचे घ्या, आणि आजीला रोज संध्याकाळी ते घालून वसाहतीत दोन फेऱ्या मारायला लावा. हसणारे हसतील. नातीने बरोबर जायचं. नवे बूट पॅरिसमध्ये पहिल्यांदा घातले तर दुसऱ्या दिवशी आयफेल टॉवर बघायचा की पायाचे फोड, असा प्रश्न पडतो. हे तुम्हा सगळ्यांना लागू आहे, एकट्या आजीला नाही. शाळेचे काळे बूट चांगले असतील तर मुलांना तेच पुरतील. कॅनव्हासचे नकोत, ते पाणी पितात.

दोन किरकोळ गोष्टी. मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे तिकडची घड्याळं एक तास पुढे करतात. त्या आधी आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर असतं, नंतर साडेतीन. घरी फोन करताना लक्षात ठेवा. आणि ट्यूलिपच्या शेतांसाठी फार आस लावून जाऊ नका. कॉकेनहोफची बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडते, पण तेव्हा बाहेर जास्त करून क्रोकस आणि पिवळे डॅफोडिल असतात. ट्यूलिपचा बहर एप्रिलच्या मध्याला येतो.

बॅगेचं वजन वाचवायचं असेल तर सर्वांत जड बूट आणि कोट विमानात अंगावरच न्या. मुंबईच्या विमानतळावर ३० अंशांत लोकरी मोजे घालून उभं राहिल्यावर लोक बघतील, बघू देत. उतरल्यावर कानटोपी शोधायला बॅग उघडत बसू नका. ती कोटाच्या उजव्या खिशात, हातमोजे डाव्या. आणि आत्याच्या बाळासाठी आजीने जुन्या साडीची दुपटी शिवली असतीलच, ती हातातल्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.