शिडी विकण्याआधी तीन प्रश्न

दसऱ्याआधीची साफसफाई सुरू झाली की आपल्या दुकानांत शिडीची चौकशी वाढते. माळ्यावरची भांडी, पंख्याची पाती, जळमटे आणि पाठोपाठ आकाशकंदील. ‘सगळ्याला चालेल अशी एकच द्या,’ असे गिऱ्हाईक म्हणते आणि आपण बिजागऱ्यांची बहुउपयोगी शिडी पुढे करतो. ही सवय आता मोडायला हवी.

चार भागांची, बारा पायऱ्यांची ही शिडी सरळ उघडली तर साडेतीन मीटरच्या आसपास जाते आणि दुमडली की मीटरभरात मावते. मधोमध दुमडली तर दोन्ही बाजूंनी टेकून उभी राहते, फळ्या टाकल्या की बुटके मचाण होते. ज्याला गच्चीवरच्या टाकीपर्यंत जायचे आहे किंवा जिन्यात रंगकाम करायचे आहे, त्याने ती जरूर घ्यावी. पण तिचे वजन बहुधा दहा किलोंच्या पुढे असते आणि पायऱ्या अरुंद असतात. फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या आजींना पंखा पुसायचा असेल, तर रुंद पायऱ्यांची, वर धरायला दांडा असलेली साधी घडीचीच शिडी द्यावी. त्यात नफा कमी असला तरीही.

म्हणून कोण चढणार, कशासाठी आणि शिडी उभी कुठे राहणार, हे आधी विचारा. मग भाराचे लेबल वाचून दाखवा. युरोपच्या ईएन 131 मानकात कमाल भार 150 किलो आहे, तर अमेरिकेतल्या ‘टाइप 3’ घरगुती शिडीचा सुमारे 90 किलो. ऐंशी किलोचा माणूस ड्रिल, हत्यारांची पिशवी आणि चार-पाच किलोंचा पंखा घेऊन चढला की नव्वद किलो सहज भरतात. विजेच्या कामाला अ‍ॅल्युमिनियम देऊच नका, फायबरग्लासची शिडी सुचवा.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. बहुउपयोगी शिडी खोक्यात बंद करून पाठवू नका. दुकानात उघडा, प्रत्येक बिजागरीचा खटका पूर्ण बसला की नाही हे गिऱ्हाइकाला स्वतः तपासायला लावा. बोटे कुठे चिमटतात तेही दाखवा. तळाचा रुंद आडवा दांडा अनेकदा सुटा येतो, तो बसवूनच द्या. भिंतीला टेकवताना चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर, एवढे सांगायला अर्धे मिनिट पुरते. आणि पायांचे रबरी बूट झिजतात, तेव्हा त्या मापाचे सुटे बूट दुकानात ठेवा.