आकाशातली बिभा

आमची निम्मी हयात कचेरीत आवक-जावक रजिस्टर सांभाळण्यात गेली. रजिस्टरात नोंद नसली की केलेले कामही झाले नाही असे धरतात, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून वाचकहो, आज एका उशिरा झालेल्या नोंदीची हकिकत.

सुमारे ३४० प्रकाशवर्षे दूर एक तारा आहे. आज त्याचा जो उजेड इथे पोहोचतो तो संभाजीराजांच्या काळात निघालेला. शास्त्रज्ञांच्या यादीत त्याला नुसता नंबर होता, एचडी ८६०८१. २००६ साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडला. तो ग्रह कोणाला दिसला नाही बरे का! लहान पोराला दोन्ही हात धरून गरगर फिरवताना आपणही थोडे डोलतो ना, तसा तो तारा डोलताना आढळला. त्यावरून ग्रह ओळखला. आपल्या गुरूच्या दीडपट वजनाचा हा ग्रह ताऱ्याला इतका खेटून फिरतो की त्याचे वर्ष दोन दिवसांचे आणि वर तीन तासांचे. भट्टीच ती. तिथे वस्ती असेल का, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनी विचारलेच. नसणार.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाला शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने प्रत्येक देशाला एक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. आपल्या वाट्याला हा आला. लोकांनी नावे सुचवली, मते दिली. ग्रहाचे नाव ठरले 'संतमस', म्हणजे ढगाळलेला. ते सुचवणारा पुण्याचा १३ वर्षांचा शाळकरी मुलगा. ताऱ्याचे नाव 'बिभा'.

बिभा चौधुरी, जन्म १९१३, कोलकाता. १९३६ साली एम.एस्सी. झाल्या तेव्हा त्या वर्गात बाई एकटीच. देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर त्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवल्या आणि आकाशातून येणाऱ्या किरणांच्या खुणा त्यांवर टिपल्या. इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वजनाच्या कणाची चाहूल त्यांना लागली. पण महायुद्ध चालू. चांगल्या काचा मिळेनात. काम तिथेच अडले. पुढे इंग्लंडात पॉवेल यांनी त्याच रीतीने, सरस काचा वापरून तो कण पक्का केला. १९५० चे नोबेल त्यांना मिळाले. त्यांचे काम खोटे नव्हते, पण काचांअभावी हातचे गेले ते गेलेच.

बिभाबाई पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगातही होत्या. १९९१ साली गेल्या, तोवर देशाने त्यांना एकही मोठा मान दिला नव्हता.

मार्च-एप्रिलच्या रात्री मघा तारा डोक्यावर येतो. त्याच्या दक्षिणेला काळोखी जागा आहे, तिथे बिभा. पोरांना गच्चीवर नेऊन बोटाने दाखवली. "काका, तिथं तर काहीच नाही," एक मुलगी म्हणाली. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही खरा. दुर्बीण लागते. ती कोणाकडून मिळते का, ते आम्ही पाहतो आहोत.