नैऋत्य कोपरा

दिवाळी अंकाची शेवटची पानं छापखान्यात जातात, तेव्हा मराठवाड्यात सोयाबीनची काढणी संपत आलेली असते. गेल्या वर्षी पानं जरा लवकर हातावेगळी झाली, म्हणून एका स्नेह्याच्या गावी पीककापणीचा प्रयोग बघायला गेलो. प्रयोग म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं तिथं काहीच नव्हतं. दोरी, चार खुंट्या, टेप, वजनकाटा, ताडपत्री. कृषी सहायक, तलाठी, उतारा घसरला तर भरपाई देणाऱ्या विमा कंपनीचा एक तरुण आणि बांधावर दहाबारा बघे.

गटनंबर आधीच ठरला होता. शेतातली नेमकी जागाही कागदावर लिहून आली होती. नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, लांबीकडे अमुक पावलं, रुंदीकडे तमुक. थांबाल तिथे पहिली खुंटी. तिथून दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा. पावलं थांबली ती शेतातल्या बऱ्या भागात. मालक सत्तरीचे. खालच्या चिबडाकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, तिकडं घ्या की. तिकडं शेंगच धरली नाही." विम्याचा तरुण घाईघाईने म्हणाला, इथंच ठीक आहे. कृषी सहायकाने दोघांकडे बघितलं. "तात्या, खुंटी पडली तिथं पडली. तिकडं पडली असती तर यांनी आरडाओरडा केला असता."

कारभार पुराव्यावर चालावा, हे वाक्य आता कुठल्याही शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत सापडतं. खुंटी कोणी ठोकायची, हे मात्र प्रस्तावनेत नसतं. या अंकाच्या दारात तेवढंच बोलायचं आहे.

आपल्याकडे पिकाचा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी होत आला. सोळा आणे म्हणजे भरलेलं पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. नाणी बदलली आणि आणेवारीची पैसेवारी झाली (लोक अजून आणेवारीच म्हणतात). पन्नास पैशांच्या खाली गाव गेलं की सवलतींचं दार उघडायचं. ज्या नजरेवर शेतसाऱ्याची सूट अवलंबून, ती नजर कितपत निर्लेप राहणार? 1940 च्या दशकात डॉ. पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी या नजरेच्या जागी चिठ्ठी आणली. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. पुढे रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख झाले. कुठलं शेत आणि शेतातली कुठली जागा, हे माणसाने ठरवायचं नाही, यादृच्छिक आकड्यांनी ठरवायचं. आणि हे काम करायला नवी फौज उभारायची नाही, महसूल आणि शेती खात्याची नेहमीची माणसंच करतील, हा त्यांचा हट्ट.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी सुखात्म्यांचा जो वाद झाला, तो मला फार आवडतो. महालनोबीस छोटे गोल तुकडे कापायचे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा जितका लहान, तितका उतारा फुगतो. का? तर काठावरची ताटं. आत की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. लबाडी कुणाचीच नसते. पण लहान तुकड्यात काठ जास्त, म्हणून चूकही जास्त. तुकडा मोठा करा, चूक विरते. कोणालाही बोल न लावता मोजमाप कसं सुधारावं, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

पण सगळ्याच चुका काठावरच्या नसतात. 2001 मध्ये महाराष्ट्रातल्या 13 संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. राज्यात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालमृत्यू होतात, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी नोंदींत यातला थोडासाच भाग उतरत होता. हे न समजण्याजोगं नाही. ज्या उपकेंद्रात मृत्यू जास्त दिसतात, त्याची बैठकीत झाडाझडती होते. मग दोन दिवसांचं बाळ 'उपजत मृत' म्हणून नोंदलं जातं किंवा नोंदलंच जात नाही. तक्ता स्वच्छ, घर रिकामं.

त्याच काळात गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने उलट वाट धरली होती. 39 गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, 47 गावं तुलनेसाठी ठेवली. जन्ममृत्यू गावातच नोंदले जात, शिवाय दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून पुन्हा मोजणी होई. मृत्यू लपवून कुणाला काही मिळणार नव्हतं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. 1999 च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. देशभरच्या 'आशा' आरोग्य कार्यकर्तींना घरभेटींचं हे काम मिळालं 2011 मध्ये. बारा वर्षं गेली. शिवाय गडचिरोलीची आरोग्यदूत जंतुदोष झालेल्या बाळाला इंजेक्शन देत असे. सरकारी योजनेत आशाच्या हातात सुई आली नाही. संशोधन मंत्रालयाच्या जिन्यावरून चढताना अंगावरचं बरंच काही खाली ठेवतं, त्यातलं हे एक. बेचाळीस दिवसांत सहा भेटी आणि अडीचशे रुपये, एवढं मात्र वर पोचलं.

मोजणाऱ्याला कोण नेमतं, याचं गुजरातचं उदाहरण थोडक्यात. कारखान्यांच्या धुराची तपासणी करणारे परीक्षक तिथे कारखानेच निवडायचे आणि पैसेही कारखानेच द्यायचे. धुळीची मर्यादा 150. अहवाल बघावेत तर बहुतेकांचे आकडे 150 च्या जरा खाली गर्दी करून बसलेले. 2009 ते 2011 मध्ये अर्थशास्त्रज्ञ एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 473 कारखान्यांत प्रयोग केला. काही ठिकाणी परीक्षक चिठ्ठीने नेमला, पैसे एका सामायिक निधीतून दिले, काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या. खोटे अहवाल झपाट्याने घटले. त्यानंतर धूरही कमी झाला. 2015 मध्ये तिथल्या प्रदूषण मंडळाने परीक्षक चिठ्ठीने नेमण्याची पद्धत स्वीकारली. तंत्रज्ञान नवं नव्हतं, यंत्रंही तीच. बदललं ते एवढंच की पाकीट कोण देतो.

आपल्याकडे एखाद्या योजनेचं मूल्यमापन करायचं तर संस्था कोण निवडतं? बहुधा तेच खातं. देयक कोण मंजूर करतं? तेच खातं. मग गुळगुळीत कागदावरचा अहवाल येतो, 'लाभार्थी समाधानी' असतात आणि पुढचं कामही त्याच संस्थेला मिळतं. इथे नैऋत्य कोपरा कुठला, हे एकदा तरी कुणी विचारायला हवं.

त्या दिवशी मळणी करून दाणे काट्यावर चढले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आकडा तात्यांना वाटला होता त्याहून जास्त आणि विम्याच्या तरुणाला हवा होता त्याहून कमी निघाला. पंचनाम्यावर सह्या झाल्या. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद लांब धरून वाचला, सही केली आणि पेन परत देताना म्हणाले, "आमच्या बापाच्या वेळी तलाठी बांधावरनंच सांगायचा. तुम्ही खाली तरी उतरलात."