दोराची गाठ

केळना आणि पूर्णा यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबादेत, उन्हाळ्यात कुणाच्या नव्या बोअरला दोन इंच पाणी लागले की त्याच्या दारी पेढे वाटतात, आणि शेजारच्या आडाच्या दोराला आणखी एक गाठ पडते. कठोपनिषदातील श्रेयस-प्रेयसाचा, म्हणजे हितकर आणि केवळ प्रिय यांतला, भेद आम्हांला नेमका या गाठीपाशी भेटला, म्हणून हा अंक. पेढ्यांचे सुख खोटे, असे आमचे म्हणणे नाही (पेढे आम्हीही खाल्ले आहेत!), परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी विंधन विहिरी घेण्यास मनाई करून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविली, तेव्हा आपखुशीने पत्करलेल्या त्या संकोचातून कोणते समाधान निपजले, याचीच चर्चा येथे प्रामुख्याने आहे. तहसील कचेरीच्या दप्तरात न मावणारे आपल्या गावचे अनुभव वाचकांनी अगत्याने कळवावेत. विरोधी मतांना पहिली पाने देऊ.