स्फोटाला आवाज कोण देतं?

माहितीपटात संगीत कशाला, हा आक्षेप जुना आहे. वास्तव दाखवायचं तर प्रेक्षकाने कुठे गहिवरायचं हे वाद्यांनी का ठरवावं? आपल्याकडे सिनेमाआधी दाखवल्या जाणाऱ्या सरकारी माहितीपटांतली ठरावीक सतार आठवली की हा आक्षेप पटतोही. पण ग्लासगोच्या 'मोगवाई' या पोस्ट-रॉक बँडचा २०१६चा 'अ‍ॅटॉमिक' हा अल्बम ऐकल्यावर तो तितकासा टिकत नाही. मार्क कझिन्स यांनी २०१५ साली, हिरोशिमाच्या सत्तराव्या वर्षी, बीबीसीसाठी अणुयुगावर माहितीपट केला. त्यासाठी रचलेलं संगीत बँडने पुढे अल्बमसाठी नव्याने बांधलं. माहितीपटात आहेत त्या केवळ जुन्या चित्रफिती आणि हे संगीत.

चित्रफिती तरी निखळ असतात का? अणुचाचण्यांच्या अनेक फितींत लखलखाट होताक्षणी गडगडाट ऐकू येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. कॅमेरा दहा किलोमीटरवर असेल तर आवाज पोहोचायला जवळजवळ अर्धं मिनिट हवं. म्हणजे तो गडगडाट मागाहून चिकटवलेला. यातल्या कित्येक फिती तर चाचण्या करणाऱ्या सरकारांनीच काढून घेतलेल्या. अशा दृश्यांना संगीताशिवाय दाखवणं म्हणजे त्यांच्या मूळ मालकाचंच म्हणणं पुढे चालवणं. मोगवाईचं संगीत निदान आपण संगीत आहोत हे लपवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: एवढं सुंदर संगीत दिलं की मशरूमसारखा ढगही देखणा वाटू लागतो. धोका खरा आहे. मात्र अणूने भयाबरोबर आशाही दिली, क्ष-किरणांपासून एमआरआयपर्यंत, आणि माहितीपट ती बाजूही दाखवतो. म्हणूनच 'ईथर' ही पहिली रचना उजळ आहे. ती तशी नसती तर पुढचा अंधार सोयीचा, एकतर्फी झाला असता. 'फॅट मॅन' या नागासाकीवरच्या बॉम्बच्या नावाच्या शेवटच्या रचनेत पियानोचे सूर जड, विरळ पडतात. तिथे देखणेपणा उरत नाही.

अल्बमची मर्यादा वेगळीच आहे. शब्द नसल्याने अर्थाचा सगळा भार शीर्षकांवर पडतो. 'प्रिप्यात' हे चेर्नोबिलच्या १९८६च्या अपघातानंतर रिकामं झालेलं शहर, हे ठाऊक नसेल तर ती रचना नुसती उदास वाटेल. तेव्हा माहितीपट आधी पाहावा, अल्बम नंतर ऐकावा. उलटा क्रम नको.