ऑलिम्पिकच्या तीन मिनिटांत न मावणारी हिमनद्यांची शर्यत

मिलान-कोर्तिना २०२६ हिवाळी ऑलिम्पिकच्या कार्यक्रमात स्की-गिर्यारोहणाला प्रथमच स्थान मिळाले, परंतु ते केवळ स्प्रिंट आणि मिश्र रिले या प्रकारांपुरते. सुमारे तीन मिनिटांत संपणारी स्प्रिंट दूरचित्रवाणीला सोयीची आहे. या खेळाचा कस पाहणारी स्वित्झर्लंडमधील ‘पात्रुई दे ग्लासिए’, म्हणजेच ‘हिमनद्यांची गस्त’, या चौकटीत बसणे शक्यच नव्हते.

झेरमॅटहून आरोलामार्गे व्हेर्बियेपर्यंतचा तिचा मार्ग पन्नास किलोमीटरहून अधिक लांबीचा असून एकूण चढ चार हजार मीटरांहून जास्त आहे. ‘तेत ब्लांश’ येथे मार्ग ३,६५० मीटर उंची गाठतो. तिघांचा संघ रात्रीच्या अंधारात निघतो, हिमनदीवर एकाच दोराने बांधलेला असतो आणि त्याची वेळ तिसरा सदस्य पोहोचल्यावरच धरली जाते. वेगवान खेळाडूला मागच्यासाठी थांबणे भाग पडते. ऑलिम्पिकमध्ये आलेल्या प्रकारांना नेमका हाच घटक पारखा आहे.

या नियमाचे मूळ युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्विस पर्वतीय ब्रिगेडच्या सज्जतेची चाचणी म्हणून १९४३ मध्ये ही शर्यत सुरू झाली. तिच्या जनकांपैकी एक कॅप्टन रोजे बोंव्हें पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. १९४९ मध्ये एका संघातील तिघेही हिमनदीच्या भेगेत कोसळले आणि आठ दिवसांनी त्यांचे मृतदेह सापडले. त्यानंतर घातलेली बंदी १९८४ मध्येच उठली. आज ही शर्यत दर दोन वर्षांनी होते आणि आयोजन आजही लष्करच करते. मात्र सैनिकांच्या जोडीने हजारो हौशी नागरिकही त्यात उतरतात.

खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. शर्यतीच्या रात्री मार्गावर लष्कराचे मार्गदर्शक, वैद्यकीय पथके आणि हवामानावर नजर ठेवणारी यंत्रणा असते. त्याआधीच्या सरावाला यांपैकी काहीच नसते. मार्च २०२४ मध्ये झेरमॅटहून आरोलाकडे निघालेले सहा जण वादळात सापडले. त्यांपैकी पाच एकाच कुटुंबातील होते. पाच जणांचे मृतदेह तेत ब्लांश परिसरात मिळाले, सहावी व्यक्ती बेपत्ता होती. ही मंडळी याच शर्यतीच्या तयारीत होती, असे तेव्हाच्या वृत्तांत नमूद होते. शर्यतीची रात्र कितीही सुरक्षित केली, तरी तिच्या ओढीने आधीच्या आठवड्यांत पर्वतावर जाणाऱ्यांची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर नियमपुस्तिकेत सापडणार नाही. पूर्वतयारीच्या मार्गांवरही मार्गदर्शक बंधनकारक करणे हा पर्याय खर्चिक आहे, तरी तो टाळण्याजोगा नाही.

त्यात हिमनद्यांचे स्वरूपच बदलत आहे. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांनी आपल्या घनफळाचा सुमारे दहा टक्के भाग गमावला. जुन्या अनुभवावर आखलेली वाट पुढच्या वेळी तशीच मिळेल, याची खात्री राहिलेली नाही.

भारतात गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडास्पर्धांमध्ये स्की-गिर्यारोहणाचा समावेश झाला आहे. ऑलिम्पिककडे पाहणाऱ्या खेळाडूंना छोटे प्रकारच जवळचे वाटणे साहजिक आहे. लांब पल्ल्याच्या सांघिक शर्यतीसाठी हिमालयात उंची आहे, हिम आहे. परंतु वाटेवर रात्रभर उभी राहणारी स्विस लष्करासारखी यंत्रणा उभारणे हे वेगळेच काम आहे.