तैवानचा राष्ट्राध्यक्ष विमानातून उतरला, तर बिघडते काय?

तैवानचे राष्ट्राध्यक्ष परदेशी निघाले, की बीजिंगहून निषेधाचे पत्रक ठरलेले. वाटेत विमान अमेरिकेत थांबणार असेल, तर युद्धनौकाही हलू लागतात. एका नेत्याच्या दोन रात्रींच्या मुक्कामावरून एवढा गहजब का?

१९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराने राष्ट्राच्या चार खुणा सांगितल्या : कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर राष्ट्रांशी संबंध ठेवण्याची क्षमता. तैवानमध्ये सुमारे २ कोटी ३० लाख लोक राहतात. त्यांचे स्वतःचे चलन आहे, सैन्य आहे, आणि १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जातो. भांडण उरते ते चौथ्या खुणेचे. परदेश दौरा ही त्या खुणेची सर्वांना दिसणारी निशाणी, म्हणूनच चीन तिथे अडतो.

१९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांतील जागा बीजिंगला मिळाली. १९७९ मध्ये अमेरिकेनेही आपली मान्यता तिकडे वळवली. जानेवारी २०२४ मध्ये नौरूने साथ सोडली, तेव्हा तैवानशी औपचारिक संबंध ठेवणारे देश उरले १२.

१९९४ मध्ये ली तेंग-हुई यांचे विमान होनोलुलूला इंधनासाठी उतरले, पण अमेरिकेने त्यांना व्हिसा दिला नाही. पुढच्याच वर्षी ते कॉर्नेल या आपल्या जुन्या विद्यापीठात भाषणाला गेले. चीनने तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेला दोन विमानवाहू नौकांचे ताफे पाठवावे लागले.

तेव्हापासून 'वाटेतला थांबा' ही पळवाट रुळली. मित्रदेशाकडे जाता-येता थोडी विश्रांती, एवढेच कागदावर. एप्रिल २०२३ मध्ये त्साई इंग-वेन अशाच थांब्यात कॅलिफोर्नियात अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष मॅकार्थी यांना भेटल्या. लगेच तीन दिवसांचा चिनी लष्करी सराव झाला.

पाहुण्यांच्या बाबतीत तैवानलाही हाच हिशेब करावा लागतो. २००९ मध्ये मोराकोट वादळाने शेकडो बळी घेतले. पीडितांचे सांत्वन करायला दलाई लामा आले. राष्ट्राध्यक्ष मा यिंग-जिऊ यांनी येण्यास परवानगी दिली, भेट मात्र घेतली नाही. दुःखात धीर द्यायला आलेल्या भिक्खूचे स्वागतही बीजिंगचा विचार करूनच झाले.

भारतही यापासून दूर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तैवानने मुंबईत कार्यालय उघडले. नाव 'आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र'. वकिलात म्हणता येत नाही. तरीही चीनने निषेध नोंदवलाच.

या आडपडद्याने मोठे युद्ध टळले असेल, हे नाकारता येणार नाही. पण त्याची किंमत मोजतात ते तैवानचे मतदार. त्यांनी निवडलेल्या माणसाने कुठे उतरायचे, कुणाला भेटायचे, हे दोन महासत्ता ठरवतात. शांततेच्या नावाने चाललेल्या या सौद्यात त्या २ कोटी ३० लाख लोकांना कुणी विचारले आहे का? पुढचा दौरा जाहीर होईल, तेव्हा बातमी वाचताना हा प्रश्न ध्यानात असू द्या.